टिटवाळ्याचे गुरुवार

प्रभूभोजनाचा पाव कापावा तो आवडाबाईंनीच. कल्याणच्या त्यांच्या मंडळीत असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण दुसऱ्या कुणाची त्या सुरीला हात लावायची छाती नव्हती. चर्चमध्ये वेदीमागच्या चिंचोळ्या खोलीत उभ्या राहून त्या पावाचे इतके सारखे तुकडे करत की लोभी माणसालाही त्यातला मोठा शोधून सापडू नये. नगरकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेल्या. शाळा दुसरीपर्यंत, तीही मास्तर आले तर. नवरा दगडू रेल्वेत फिटर होता. तो देवाघरी गेला, मुलगा-सून डोंबिवलीला मोठ्या घरात गेली, आणि आवडाबाई दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या उरल्या. एकट्या म्हणजे, फोन धरला नाही तर.

फोन मुलाने घेऊन दिला, पण तो चालू करून, खातं उघडून, त्यांच्या बोटांना वळण लावून दिलं ते सुधीरने. मंडळीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांचं त्यानेच केलं होतं. घोडबंदर रोडला काचेच्या उंच इमारतीत त्याची कॉम्प्युटरची नोकरी. चर्चमध्ये माइक त्याच्याकडे, पडद्यावरचे गाण्याचे शब्द त्याच्याकडे. बोलणं असं की कानाला मुंग्या लागाव्यात. "आजी, पासवर्ड तुम्ही विसराल, माझ्याकडेच राहू दे," म्हणाला. आवडाबाई म्हणाल्या, "राहू दे बाबा." घराची जादा किल्ली शेजारी ठेवतात, तसंच ते.

आधी आधी फोनचं फार कौतुक वाटलं. मग काय झालं, गुडघा दुखायला लागला, तर सुनेला सांगायच्या आत फोनवर काठ्यांच्या जाहिराती. दगडूला जाऊन वर्ष झालं त्या सकाळी फोनने आपण होऊन त्याचे फोटो बाहेर काढले आणि वर बाजा लावला. आवडाबाई रडल्या, आणि डोळे पुसता पुसता मध्येच थांबल्या. ह्याला तारीख कुणी सांगितली?

"अगं आजी, कंपनीला सगळं माहीत असतं," नात म्हणाली. ही संचिता, ठाण्याला कॉलेजात जाणारी.

"सगळं देवाला माहीत असतं."

"हो, पण तो काठ्या नाही विकत."

दोघी हसल्या. पण त्या दिवसापासून लुगडं बदलताना आवडाबाई फोन पालथा घालायला लागल्या.

आता वैशालीचं सांगायला हवं. वैशाली सुधीरची बायको. आईबापाविना मामाकडे वाढलेली, लहानपणी रविवारच्या शाळेत आली की आवडाबाईंच्या पिशवीतला लाडू हक्काने काढून घ्यायची. एका भर दुपारी ती त्यांच्या दारात उभी राहिली. मनगट वांग्यासारखं टम्म आणि जांभळं.

"दारात सापडला हात," ती म्हणाली.

"दर वेळी त्याच दारात कसा गं सापडतो?"

याआधी एकदा प्रकरण मंडळीपुढे आलं होतं. पाळकसाहेबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे पंचांनी, चहा घेतला, बिस्किटं घेतली, आणि तिला परत पाठवलं. म्हणून ह्या खेपेला आवडाबाईंनी कुणालाच विचारलं नाही. त्यांची चुलतनणंद रंगूबाई टिटवाळ्याला राहायची. तिथे हल्ली नवे टॉवर उठलेत, पण त्यांच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, रंगूबाईचं कौलारू घर तेवढं उरलंय. तिला ऐकू कमी. फोन नाहीच. "कुणाशी बोलू? मला माझंच ऐकू येत नाही," म्हणायची. तिथे वैशालीला ठेवलं. वैशालीने स्वतःचा फोन घरीच ओट्यावर सोडला होता, तेवढी ती शहाणी.

सुधीरने चर्चमध्ये सांगितलं, "वैशाली माहेरी गेलीय. मनःस्थिती बरी नाही तिची. प्रार्थनेत आठवण ठेवा." सगळ्यांनी मान खाली घालून प्रार्थना केली. आवडाबाईंनीही केली, फक्त एक डोळा उघडा ठेवून. सुधीरचे तर दोन्ही डोळे उघडे होते. तो एकेका म्हातारीकडे पाहत होता, भाजीवाल्याने जुड्या मोजाव्यात तसा.

दर गुरुवारी आवडाबाई टिटवाळ्याला जायच्या. पिशवीत थोडी डाळ, थोडं तेल, वैशालीच्या मनगटाला लावायचं मलम. मुलाला सांगितलं नाही, संचितालाही नाही. आणि पिशवीच्या तळाशी फोन. मुलाची सक्त ताकीदच होती ना, "आई, बाहेर जाताना फोन जवळ पाहिजे." आईने ते ऐकलं. एरवी ऐकत नसत, नेमकं हेच ऐकलं.

पुढे कापणीचा सण आला. ह्या सणाला मंडळी शेतातलं, परसातलं जे पिकेल ते चर्चमध्ये आणते, आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. शहरात शेतं कुठली, तरी लोक भोपळे आणतात, नारळ आणतात, कुणी जिवंत कोंबडीही. लिलाव सुधीर पुकारायचा. उपासना संपली, प्रभूभोजन झालं, आवडाबाई मागच्या खोलीत ताटल्या विसळत होत्या. सुधीर माइकची वायर न्यायला आत आला.

"सलाम, आजी."

"सलाम रे बाबा. लिलाव तूच पुकारणार ना?"

"मीच." वायर मनगटाभोवती गुंडाळत तो म्हणाला, "गुरुवारी फार दमायला होत असेल ना तुम्हाला? टिटवाळ्याला उतरायचं, रिक्षा करायची, मग त्या पाण्याच्या टाकीमागून चालत जायचं. त्यात तुमचा गुडघा असा."

आवडाबाईंचा हात पाण्यात होता तो पाण्यातच राहिला.

"घाबरू नका, आजी. मी रागावलेलो नाही. लिलाव आटपला की मी स्वतःच जातो आणि तिला घेऊन येतो. तुम्ही सांभाळलंत, तुमचे उपकार आहेत." ताटात प्रभूभोजनाचे चार तुकडे उरले होते. त्याने त्यातला एक उचलला, चघळला, आणि हसत बाहेर गेला. आपल्याला सगळं कळलंय हे त्याने बिनदिक्कत सांगून टाकलं. म्हातारी काय करणार, ही त्याची खात्री.

आवडाबाईंना वाटलं, कुणी चहाडी केली? पण करणार कोण? त्या तिघींशिवाय जिवंत माणसापैकी कुणाला ठाऊकच नव्हतं. हात न पुसताच त्या अंगणात आल्या, भोपळ्यांच्या राशीजवळून संचिताला ओढून भिंतीआड नेलं, आणि जन्मात पहिल्यांदा नातीला सगळं सांगितलं, अगदी मनगटापासून.

संचिताने एवढंच विचारलं, "आजी, तुझं खातं कुणी उघडलेलं?"

"सुधीरने."

"पासवर्ड?"

"त्याच्याकडेच असतो की. सगळ्यांचेच त्याच्याकडे असतात."

संचिताचा चेहरा उतरला. "आजी, फोन जिथे जिथे जातो ते कंपनी लिहून ठेवते. नकाशावर. कुठे उतरलीस, किती वेळ थांबलीस, सगळं. ज्याच्याकडे पासवर्ड, त्याला घरबसल्या दिसतं."

"म्हणजे कंपनीने त्याला सांगितलं?"

"कंपनीला काय पडलंय गं, वैशालीताई कोण आणि सुधीर कोण. ज्याच्या हातात किल्ली, तो मालक."

आवडाबाई मटकन भोपळ्यावर बसल्या. म्हणजे दर गुरुवारी वैशालीला मलम लावायला आपण गेलो, ते सुधीरला बोटाला धरून घेऊन गेलो. पायरी पायरी दाखवत, ही टाकी बघ, हे दार बघ.

बाहेर लाउडस्पीकरवर सुधीरचा आवाज घुमला, "पहिला भोपळा! बोला मंडळी, देवाच्या नावाने बोला!"

आवडाबाई उठल्या. मागच्या खोलीत गेल्या, पदराआडून फोन काढला, सुरी आणि पांढरी कापडं ठेवतात त्या खणात ठेवला आणि खण बंद केला. त्याला वाटू दे म्हातारी चर्चमध्येच आहे. बाहेर येऊन नातीला म्हणाल्या, "लिलाव लवकर संपू देऊ नकोस. काय वाट्टेल ते कर, फक्त खोटं बोलू नकोस."

"आणि तुला काही झालं तर कळवशील कसं?"

"तुझा आजा मला लग्नाआधी कसा कळवायचा? नाहीच कळवायचा. तरी झालं ना लग्न?"

आता आपल्याकडच्या लिलावाची गंमत अशी की, घेतलेली वस्तू घेणारा पुन्हा देवाला देऊ शकतो आणि मग ती परत पुकारावी लागते. संचिताने कोंबडी घेतली आणि परत दिली. परत घेतली, परत दिली. लोकांना मजा वाटली, तेही तसंच करायला लागले, पाळकसाहेब तर टाळ्या वाजवायला लागले. संचिताने नंतर सांगितलं की माइकवरून सुधीरचा आवाज हसराच होता, पण तो कोंबडीला ज्या हाताने धरत होता तो हात हळूहळू आवळत गेला. शेवटी कोंबडी ओरडायचीही थांबली. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अरे, मेली की काय?" आणि लिलाव तिथेच संपला.

तोवर आवडाबाई टिटवाळ्याला पोचल्या होत्या. वैशाली अंगणात मिरच्या वाळत घालत होती. रविवारी आवडाबाईंना पाहून ती ओळखून चुकली. हातातलं सूप खाली ठेवलं.

"कळलं त्याला?"

"कळलं. चल, ऊठ."

"आजी, नको." ती खाली बसली. "आज इथून नेशील, उद्या तिथे सापडेन. तो शोधतोच. मी आपण होऊन गेले ना, तर कमी मारतो."

आवडाबाईंना वाचन फार नाही, वादही येत नाही. त्यांनी वैशालीचं बरं झालेलं मनगट हातात घेतलं, वर उचलून तिच्याच डोळ्यांसमोर धरलं, आणि नुसत्या उभ्या राहिल्या. वैशाली त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून तिने घरातून आपली पिशवी आणली.

रंगूबाईच्या कानाशी तोंड नेऊन आवडाबाई ओरडल्या, "सुधीर येईल! काही सांगू नकोस!"

"काय सांगू? मला काही सांगतंय कोण?" रंगूबाई म्हणाली.

ठाण्याची गाडी कल्याणवरूनच जाते, त्याला इलाज नव्हता. डब्यात तुरळक माणसं. कल्याण आलं तसं आवडाबाईंनी वैशालीच्या डोक्यावरून पदर पुढे ओढला, आणि स्वतः खिडकीच्या बाजूला सरकल्या. गाडी थांबली. पलीकडच्या फलाटावर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, सुधीर उभा होता. टिटवाळ्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत. सणाचा झब्बा, कडेला एक लहानसं पीस चिकटलेलं. मान खाली. हातातल्या फोनमध्ये तो नकाशा बघत होता की आणखी काय, देव जाणे. गाडी हलेना. वैशालीच्या दातांचा आवाज आवडाबाईंना ऐकू येत होता. त्याने नुसती मान वर केली असती तरी सगळं संपलं असतं. पण त्याला जे शोधायचं होतं ते त्याच्या मते फोनमध्येच होतं, म्हणून त्याने वर पाहिलं नाही. गाडी सुटली.

डोंबिवली गेल्यावर आवडाबाईंच्या जिवात थोडा जीव आला आणि डोकं चालायला लागलं. लहानपणापासून त्या ऐकत आल्या की देव आपलं उठणं-बसणं जाणतो, आणि त्याची त्यांना कधी भीती वाटली नव्हती. मग ह्या फोनच्या जाणण्याची एवढी भीती का वाटावी? मुंब्र्याच्या डोंगरापाशी त्यांना उमगलं. देवाला सगळं कळतं, पण आजवर त्याने कुणाचं कुणाला सांगितलं नाही. दगडू दारू प्यायचा ते देवाला ठाऊक, आवडाबाई सासूच्या नावाने बोटं मोडायच्या तेही ठाऊक. पण बाहेर फुटलं नाही. तो जाणतो आणि झाकतो. फोन जाणतो आणि मांडून ठेवतो. बसा, जेवा, ज्याला पाहिजे त्याने.

ठाण्यात आत एका गल्लीत सिस्टरांचं जुनं बैठं घर आहे. कॅथलिक सिस्टर. आवडाबाईंची मंडळी त्यांच्यात जात नाही, सासूबाई तर मेणबत्तीचा वासही चालवून घेत नसत. पण त्या दिवशी सासूबाई नव्हत्या. दार सिस्टर नीरजांनी उघडलं. त्यांनी वैशालीला एकदा पाहिलं आणि आधी पाणी दिलं, नाव नंतर विचारलं.

"इथे ठेवू नका हिला," आवडाबाई म्हणाल्या. "तुमची लांबची कुठली जागा असेल तिथे पाठवा. आणि मला सांगू नका."

"पत्ता नको तुम्हाला?"

"मला खोटं बोलता येत नाही, सिस्टर. पुण्याई नाही हो, जमतच नाही, कान लाल होतात. विचारणारा विचारणार. तेव्हा ठाऊकच नसलेलं बरं."

"मग तुम्ही भेटणार कधी?"

आवडाबाई वैशालीकडे बघून म्हणाल्या, "वर भेटू. तिथे सगळ्यांनाच घेतात म्हणे, बघू."

वैशाली हसली नाही. तिने आवडाबाईंच्या पिशवीत हात घातला, लहानपणी घालायची तसा, आणि मलमाची डबी तेवढी काढून घेतली.

संध्याकाळी दिवेलागणीला आवडाबाई जिना चढून वर आल्या. त्यांच्या दारासमोरच्या पायरीवर सुधीर बसला होता. हातात त्यांचा फोन.

"सलाम, आजी. फोन विसरलात चर्चमध्ये. सुऱ्यांच्या खणात." तो उठला नाही, त्यामुळे त्यांना दारापर्यंत जाता येईना. "टिटवाळ्याला रंगूआत्यांनी मला पाणी दिलं. चांगल्या आहेत. एकट्याच असतात बिचाऱ्या."

"तिला काही केलंस का?"

"छे हो. मी कशाला काही करू?" तो हसला. "वैशाली कुठाय?"

"मला ठाऊक नाही."

सुधीरने त्यांच्या कानांकडे बघितलं. अख्ख्या मंडळीला ते कान ठाऊक होते. कान होते तसेच होते. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागचं हललं आणि खाली जे होतं ते दिसलं. वैशालीने रोज काय पाहिलं असेल ते आवडाबाईंनी तेव्हा एकदा पाहिलं.

"घ्या फोन," तो म्हणाला.

"तुझाच आहे तो. ठेव."

"आजी, एकटी म्हातारी बाई, फोनशिवाय राहणार? रात्री-अपरात्री काही झालं तर?"

"झालं तर होईल."

तो उठला, कपडे झटकले. दोन पायऱ्या उतरून वळला आणि साध्या आवाजात म्हणाला, "मंडळीतल्या बायकांचे सगळे फोन मीच चालू करून दिलेत. वैशाली कुणा ना कुणाला तरी भेटेलच की, आजी. बायका आहेत. राहवत नाही त्यांना." आणि शांतपणे उतरून गेला.

दुसऱ्या दिवसापासून आवडाबाई घरोघर हिंडल्या. गुडघ्याला फडकं बांधून जिने चढल्या. खातं बदला, पासवर्ड बदला, नाहीतर फोनच टाका. काही जणींनी ऐकलं, संचिताने त्यांना बसून करून दिलं. बाकीच्यांनी चहा पाजला. "सुधीरसारखा पोरगा? अगं आवडे, देवमाणूस तो," आणि, "तुला म्हातारचळ लागला की काय?" मुलगा चिडला तो निराळाच. गॅसचा नंबर लावायचा कसा, पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचा कसा? "फोन टाकलास तर सरकार समजेल तू गेलीस!" आवडाबाई म्हणाल्या, "थोडं आधी समजेल, एवढंच." दाखल्यासाठी त्या बँकेत जाऊन रांगेत उभ्या राहिल्या, आणि बाबूला म्हणाल्या, बघ, हात लावून बघ, आहे की नाही?

चर्चमध्ये सुधीर पूर्वीच्याच बाकावर बसतो. येता-जाता सलाम करतो. पाव अजून आवडाबाईच कापतात, पण सुरी धुऊन घरी नेतात.

परवा डोळे दाखवायला संचिता त्यांना ठाण्याला घेऊन गेली. तिथे बाजारात, मसाल्याच्या दुकानापाशी, एक बाई पाठमोरी उभी होती. हिरवी साडी, वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली, उजव्या हाताने पिशवी न उचलता डाव्या हाताने उचलायची लकब. लांब पाठवायला सांगितलेली, तरी आवडाबाईंच्या ओठांवर वैशालीचं नाव आलं. मनगट धड आहे का, एवढं तरी बघावं. पाच पावलांचा प्रश्न होता. बाजूला संचिता फोनवर मैत्रिणीशी बोलत चालली होती, मागे कुणी भाजीचा फोटो काढत होतं, दुकानाच्या फळीवर काळा काचेचा डोळा लुकलुकत होता.

"आजी, थांबलीस का?"

"उन्हाचं दिसत नाही गं नीट," आवडाबाई म्हणाल्या, आणि त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी नातीचा दंड धरून तिला पलीकडच्या लांबच्या गल्लीत वळवलं, आणि मागे न बघता चालायला लागल्या.